हेवी माणूस

गोंदियाच्या कुठल्याही पानठेल्यावर हा माणूस तुम्हाला भेटेल. धंदा धानाचा, म्हणजे शेतकरी आणि राइस मिल यांच्या मधोमध उभं राहण्याचा. शाळेत इंग्रजी विशेषणं त्याला ढीगभर शिकवली असणार. त्यातलं एकच त्यानं कामावर ठेवलं. हेवी.

गरमी हेवी. मेव्हण्याची मोटरसायकल हेवी. 1999 साली भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला, तो निर्णय हेवी. पावसाळ्यात सालेकशाचा हाजरा धबधबा हेवी, आणि तिथं सेल्फी काढताना आपटलेला मित्रही "हेवी पडला ना भाऊ!" दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक आलं की नाटक हेवी, त्यात रडवणारी बाई हेवी, पहाटे घरी परततानाची थंडी हेवी.

एकदा पुण्याचे पाहुणे धानाच्या बांधीत सारसाची जोडी बघत श्वास रोखून उभे होते. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस सगळ्यांत उंच. वजन मात्र सात किलोंच्या आसपास. यानं मागून निकाल दिला, "हेवी पक्षी!" जोडी उडाली. गावातले काडीसारखे गुरुजी वारले, तेव्हाही स्मशानात हा डोळे पुसत म्हणाला, "हेवी माणूस होता."

घरी आजी गावच्या बोलीत "भल्ला पाऊस आला" म्हणाली की याला लाज वाटते. मला विचाराल तर आजीच्या पावसानं बांध्या जास्त भरतात.

आता गंमत बघा. गोंदियाचं धानच मुळी हलकं आणि भारी. हलकं लवकर कापणीला येतं, भारी उशिरा; वजनाचा संबंध नाही. म्हणजे याच्या विशेषणाला इथं सोन्याचे दिवस यायला हवेत. पण शेतकऱ्यानं पोतं उघडलं की तो शब्दच गायब! चार दाणे दाताखाली फोडायचे, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "मामाजी, ओला आहे माल. हलका आहे." सरकारी खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, याच्या दाताला तेवढाही खपत नाही.

संध्याकाळी तीच पोती मिलच्या दारात उतरतात. "हेवी माल आहे, सेठ!"

तेव्हा धान विकायचं असेल, तर भाव सकाळी ठरवू नका. संध्याकाळी मिलच्या फाटकाजवळ उभं राहून आधी ऐकून घ्या.