खेळण्यांचा सहकार

कोल्हारच्या भगवतीमातेच्या देवळात साडेतीन शक्तिपीठांचं एकत्र ठाणं मानतात. एवढ्या देव्या एका छताखाली गुण्यागोविंदाने नांदतात. पण त्याच गावात तीन खोल्यांच्या घरात एका पोराची खेळणी काही मावत नाहीत.

दोष नगर-मनमाड रस्त्याचा. शिर्डीला निघालेला पाहुणा ‘वाटेतच तर आहे’ म्हणून कोल्हारला उतरतो, आणि लेकराच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? पूर्वी बिस्किटाचा पुडा चालायचा. तो संध्याकाळपर्यंत संपायचा, हीच त्याची थोरवी. आता जेसीबी येतो. पौषातल्या यात्रेत आजोबा दुसरा घेतात, कारण पहिल्याचं बकेट मोडलंय. मोडका मात्र टाकायचा नाही, ‘चाकं चांगली आहेत अजून’. मग तो गव्हाच्या कोठीमागे जातो आणि रात्री दोनला, कुणी हात न लावता, इंग्रजी गाणं म्हणतो.

सरकारने आपल्या परीने केलं. २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ साली ७० वर. चीन हबकला असेल, मामा नाही हबकला. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की पुढ्यात १६ ऐवजी ४ खेळणी असली तर लहान मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमतात. हे आत्याच्या कानावर घातलं, तर आत्या म्हणते, “मग त्या चारात आमचं ठेवा की!” पोरगं तोवर तेलाच्या रिकाम्या डब्यावर लाटणं बडवत असतं.

आता उपाय एकच: सहकार. शेजारी प्रवरानगरला शेतकऱ्यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला, तिथे खेळण्यांची काय कथा? कायद्याला वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण लागतात. आपल्या गल्लीत दहा त्रस्त आया सकाळी नळावरच सापडतील. पोटनियम असे:

१. सगळी खेळणी संस्थेच्या गोदामात. घरी एका वेळी दोनच.

२. नवं आणणाऱ्याने जुनं एक स्वतःच्या घरी न्यावं.

३. वाजणारं खेळणं आणणाऱ्याने ते आधी आठ दिवस आपल्या उशाशी वाजवावं.

४. ‘पोरासाठी घेतलंय, तुमच्यासाठी नाही’ असं म्हणणाऱ्याला पुढची निवडणूक लढवता येणार नाही.

एकच अडचण आहे. कायद्याने अज्ञान असल्यामुळे खेळणाऱ्याला सभासद होता येत नाही, मत नाही, सभेत बोलणं नाही. पण त्यात नवीन काय? घरातही खेळण्यांचे ठराव मोठी माणसंच करतात. कुणाला लहानपणी न मिळालेली सायकल भरून काढायची असते, कुणाला पुण्याच्या नोकरीतून महिन्याला एकदाच येता येतं, कुणाला व्याह्यांपेक्षा मोठा खोका आणायचा असतो. लेकरू फक्त ताब्यात घेतं.

तरी संस्था काढलीच. पहिली सभा शांततेत पार पडली. विषय क्रमांक एक: स्थापनेनिमित्त, सहकाराच्या परंपरेप्रमाणे, दिवाळीला प्रत्येक सभासदाच्या घरी साखरेसोबत रिमोटची एक मोटार भेट देणे.

मंजूर, मंजूर, मंजूर.