शिट्टीसुद्धा आपोआप

फाटक आलं की इंजिनाचा ड्रायव्हर शिट्टी मारतो, हे परतूरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. ती समजूत आता जुनी झाली. मनमाड-परभणी हा आपला मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या त्या १,४६५ किलोमीटरमध्ये येतो, जिथं 'कवच' नावाची यंत्रणा बसवलीय. ड्रायव्हर लाल सिग्नलवर थांबेना, तर कवच ब्रेक लावतं. वेग वाढला, तरी तेच आवरतं. आणि फाटकाजवळची शिट्टी? तीही तेच मारतं. मार्च २०२२ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले, त्याच रुळावर समोर दुसरं इंजिन होतं आणि कवचानं ३८० मीटर अलीकडंच गाडी उभी केली. टक्कर होणार नाही, याचा मंत्र्यानं जातीनं दिलेला पुरावा राजकारणात तरी दुर्मीळच.

मग ड्रायव्हरनं करायचं काय? जागं राहायचं. इंजिनात त्यासाठी एक बटण असतं. मिनिटभर ड्रायव्हरची काही हालचाल झाली नाही, की आधी दिवा, मग भोंगा, आणि तरीही बटण दाबलं नाही तर थेट ब्रेक. हे बटण एखाद्या कचेरीत बसवून बघा. दुपारी दोन ते चार अख्खा तालुका भोंग्यानं दणाणेल.

रस्त्यावरची तऱ्हा वेगळी. समृद्धी महामार्गावर गाडीत यंत्र बसवायचीही गरज पडली नाही, रस्त्यानंच ड्रायव्हरचं काम काढून घेतलं. वळण नाही, म्हैस नाही, चहाची टपरी नाही. ताशी १२० नं नाकासमोर जायचं. तिथले अपघात अभ्यासून नागपूरच्या व्हीएनआयटीनं एक कारण सांगितलं, महामार्ग संमोहन. आपल्याकडं त्याला डुलकी म्हणतात.

डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी नागपुरात जाहीर केलं, की बिनड्रायव्हरच्या गाड्या मी देशात येऊ देणार नाही, कित्येक ड्रायव्हरांच्या पोटाचा प्रश्न आहे. काळी-पिवळीवाल्यांनी निर्धास्त व्हावं. वाटूर फाट्यावर यायची त्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांची तशीही छाती नव्हती. पण मार्च २०२५ मध्ये गडकरींच्याच रस्ते वाहतूक मंत्रालयाचा मसुदा आला. नव्या बस-ट्रकांत आपोआप लागणारा ब्रेक हवा, डुलकी लागली तर इशारा हवा, लेन सुटली तरी इशारा हवा. म्हणजे ड्रायव्हर राहील. त्याला टोकणारी एक सासूही शेजारी बसेल.

डुलकीचं मान्य. पण लेन? आष्टी रोडला लेन दाखवणाऱ्याला मी स्वखर्चानं फेटा बांधीन. हंगामात समोर उसाची डबल ट्रॉली. तिला मागं दिवा नाही, पुढं ट्रॅक्टरवर गाणं मात्र पाटोद्यापर्यंत ऐकू जाईल एवढं. तिच्या बाजूनं उलटा येणारा मोटारसायकलवाला, मागं बायको, मध्ये पोरगं, हँडलला भाजीची पिशवी. इशारा देऊन देऊन त्या यंत्राचा घसा बसेल.

आणि आपल्याकडं गाडी चालते ती हातवाऱ्यांवर. एसटीनंच योजना काढली होती, 'हात दाखवा, बस थांबवा'. रस्त्याकडेला हात वर केलेला माणूस बस थांबवतोय, मेव्हण्याला रामराम घालतोय की अंगावरची माशी हाकलतोय, हे एसटीचा ड्रायव्हर शंभर पावलांवरून ओळखतो. (आणि कधीकधी ओळखूनही न थांबता जातो, तो भाग निराळा.) स्टँडवरच्या एका काळी-पिवळीवाल्याला मी विचारलं, "मामा, गाडी आपोआप चालायला लागली तर?"

"चालू दे की. अपघात झाल्यावर लोकं मारायला कोणाला धरतेन?"

मी गप्प बसलो.

माणूस ओळखणं कवचालाही जमत नाही. त्याला समोरचं इंजिन कळतं, सिग्नल कळतो, फाटकं पाठ असतात. रुळावर निजलेला माणूस त्याच्या यादीत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत, जालन्याहून मध्य प्रदेशातल्या घराकडं चालत निघालेले मजूर आपल्याच मार्गावर करमाडजवळ रुळावर झोपले होते. त्यांना पाहिलं ते मालगाडीच्या ड्रायव्हरनं. त्यानं गाडी थांबवायचा प्रयत्न केला. सोळा जण गेले.