कमी वाईट, जास्त बोनस

अमेरिकेत कॅथलिक मतदार असणं भलतंच कष्टाचं काम. तिथल्या बिशपांनी गर्भपात हा सगळ्यांत वरचा मुद्दा ठरवून दिलेला. पोप फ्रान्सिस मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये विमानात पत्रकारांना म्हणाले, स्थलांतरितांना हाकलणारा उमेदवार आणि गर्भपाताला पाठिंबा देणारी उमेदवार, दोघंही जीवनाच्या विरोधात. त्यातल्या त्यात कमी वाईट निवडा. कोण कमी वाईट, ते ज्यानं त्यानं आपल्या विवेकाला विचारावं. विवेकानं निम्म्याहून जास्त कॅथलिकांना ट्रम्प यांचं नाव सांगितलं. मिसुरी राज्यानं तर एकाच दिवशी ट्रम्पही निवडले आणि गर्भपाताचा हक्कही राज्यघटनेत घालून घेतला. उगाच कुणी नाराज नको!

आमच्या गोंदियात एक निवृत्त रेल्वे गार्ड आहेत. रविवारची मिस्सा चुकवत नाहीत आणि गोरेगाव तालुक्यात दोन एकर धान पिकवतात. खरेदी केंद्रावर कट्ट्यांच्या थप्पीला टेकून, ओलावा मोजणाऱ्याच्या यंत्राकडे संशयानं पाहत उभे होते. त्यांना पोपचा सल्ला ऐकवला.

"कमी वाईट? ते तं आमी जनमभर करतोच जी. वाईट नसलेला मानूस एकडाव उभा होता, १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत."

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना आपण पाडलं.

बरं, मग मत कशावर? त्यांनी बोटांवर मोजलं. आधी धानाचा बोनस, मग उन्हाळी धानाला दिवसा वीज, मग पोराची नोकरी, मग आत्मा. आत्म्याचा नंबर चौथा. मागे बोनसचे हेक्टरी २० हजार जाहीर झाले तेव्हा दोन हेक्टरची मर्यादा होती. आत्म्याला निदान सातबारा तरी जोडावा लागत नाही.

आपल्या देशानं १९७१ मध्ये गर्भपात कायदेशीर केला, २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली. इकडे त्यावरून एक फ्लेक्सही फाटला नाही. म्हणून न जन्मलेल्यांची आम्हाला फिकीर नाही असं कुणी समजू नये. शेजारच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. ३७२ कोटींचं बाळ हजारो कोटींचं झालं, पण कळा अजून चालूच. लाडक्या बहिणींना कबूल केलेले २१०० रुपये नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारापासून पोटात आहेत. २४ आठवडे केव्हाच उलटले. आता कायद्यानंही काही करता येत नाही.

तरी खातरजमा म्हणून प्रचाराला आलेल्या एका कार्यकर्त्याला विचारलं, "भाऊ, गर्भपाताबाबत तुमच्या उमेदवाराची भूमिका काय?"

त्यानं डायरी काढली, गावाचं नाव लिहिलं आणि म्हणाला, "प्रस्ताव मंत्रालयात गेलाय जी. आचारसंहिता उठली का निधी येते."