चाकूकाका

आमच्या डोंबिवलीतल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दोन नंबरला एक काका राहतात. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे आणि ते तिथेच राहिलं आहे. पोरंसोरं त्यांना चाकूकाका म्हणतात. त्यामुळे त्यांच्या सौभाग्यवती आपोआप चाकूकाकू झाल्या. हे नाव भरभर दहा वेळा म्हणून दाखवायची शर्यत मुलं जिन्यात लावतात आणि पंच म्हणून स्वतः काकूच उभ्या राहतात.

गैरसमज नको. काका अत्यंत पापभीरू. पिंजऱ्यात उंदीर सापडला तर तो पिशवीत झाकून, रेल्वेचा पूल ओलांडून, पूर्वेकडून पश्चिमेला सोडून येणारा हा माणूस. (पश्चिमेच्या लोकांनी काय करायचं, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.) पण घरातून निघताना चष्मा, रुमाल, पास, किल्ली आणि चाकू अशा पाच जागा चाचपल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. चाकू घडीचा, खिशात मावणारा आणि मध्यम. या 'मध्यम' शब्दापायी त्यांची चाळीस वर्षं खर्ची पडली आहेत.

"लहान चाकू म्हणजे नेलकटरचा धाकटा भाऊ," काका सांगतात, "आणि मोठा चाकू म्हणजे जामिनाची तयारी. आपल्यासारख्याला मध्यमच बरा."

मध्यम म्हणजे नेमका केवढा, हे विचारायची चूक मी एकदा चहाच्या आधी केली. काकांनी टोपलीतलं सफरचंद उचललं. सफरचंद साधारण तीन इंचांचं. पातं त्याहून आखूड असेल तर फळ फिरवून फिरवून कापावं लागतं आणि फोडीला मधेच पायरी पडते. म्हणजे पातं तीन-सव्वातीन इंच. मग त्यांनी माझा पंजा ओढून घेतला आणि चार बोटांवर पट्टी ठेवली. मुठीत चारही बोटं बसली पाहिजेत. करंगळी बाहेर लोंबली की जोर लागत नाही. शिवाय पात्याला मिटून त्याच मुठीत झोपायचंय, म्हणजे मूठ पात्यापेक्षा बोटभर लांब हवीच. चार-सव्वाचार इंच. "बघा, देवानं सफरचंद आणि पंजा एकमेकांच्या मापानं केलेत!" काका धन्य होऊन म्हणाले. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या हातातलं सफरचंद काढून घेतलं, आत नेलं आणि विळीवर चिरून बशीत घालून आणलं. फोडींना पायरी नव्हती.

त्या विळीविषयी काका फारसं बोलत नाहीत. ती काकूंबरोबर लग्नात आली. तिचं पोलाद कुठलं, पातं किती इंची, मुठीला लाकूड कुठलं, असले प्रश्न तिच्या वाट्याला आले नाहीत. तिला मूठच नाही, पाट आहे. चाळीस वर्षं ती फणसापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं चिरते आहे, आणि धारवाला सायकल घेऊन खाली आला की वर्षातून एकदा पाजवून घेतली जाते. काकांना ही विळी म्हणजे आपल्या सगळ्या अभ्यासाचा कुणीतरी केलेला अपमान वाटतो.

त्यांचा पहिला चाकू जत्रेतला, मासोळीच्या आकाराचा, पितळी मुठीचा. शाळेत पेन्सिलीला टोक करायला घेतला होता. त्यानं टोक कमी आणि बोट जास्त कापलं. उघडलेल्या पात्याला अडवणारं काही नसलं की ते जोर लावताना उलटं फिरून बोटावर बसतं, हा धडा काकांच्या डाव्या तर्जनीवर अजून पांढऱ्या रेघेनं लिहिलेला आहे. नवा माणूस भेटला की ते ती रेघ दाखवतात. रामपुरीचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढायचं नाही. खटका दाबला की 'खट्'कन पातं बाहेर येतं, हा त्यांच्या मते चाकूचा गुण नसून सिनेमातल्या खलनायकाचा आहे. "चाकू उघडताना माणसाला विचार करायला वेळ मिळाला पाहिजे," असं त्यांचं मत. विचार करायच्या बाबतीत काकांना वेळ कमी पडला असं कधी झालेलं नाही.

मग भाच्यानं परदेशातून आणलेला लाल स्विस चाकू. याचा इतिहास काका सत्यनारायणाच्या कथेसारखा सांगतात, म्हणजे मधे उठता येत नाही. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. "सैनिकाला चाकू कशाला दिला? मारामारीला? छे! बंदूक खोलायला आणि डबा फोडायला!" इथे काकांचा आवाज भरून येतो. पुढे १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी चाकू निघाला, त्यात बाटलीचं बूच काढायचा पीळदार स्क्रू आला. काका निर्व्यसनी. त्या स्क्रूनं करायचं काय, यावर दोन वर्षं विचार झाला आणि शेवटी शोध लागला की घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्यासारखं दुसरं हत्यार नाही. पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली की अख्ख्या बिल्डिंगमधून काकांना बोलावणं येतं. ते जातात, स्क्रूचं टोक गाठीत घालतात, हलकेच पिळतात, आणि डोळे दुसरीकडे ठेवतात.

पण जीव जडला तो ओपिनेलवर. फ्रान्सच्या डोंगराळ सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू केला. शेतकऱ्याचा चाकू. मूठ बीचच्या लाकडाची, पातं एकच, आणि मानेशी एक पत्र्याची कडी. ती फिरवली की पातं अडकून बसतं, बोटावर येत नाही. ही कडी १९५५ मध्ये आली. काकांची तर्जनी तोवर अस्तित्वात आली नव्हती, तरी कडी आपल्यासाठीच काढली अशी त्यांची समजूत आहे. या चाकूंना नंबर असतात. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. सफरचंदापेक्षा जऽरा जास्त. तो हातात आला त्या रात्री काकांनी तो उशाशी ठेवला आणि काकूंनी उशी दिवाणखान्यात नेऊन ठेवली.

बाहेर मात्र जगाला मध्यम कळत नाही. एकदा लोकलमध्ये काकांना चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धा देह बाकावर आणि अर्धा हवेत. त्यांनी सहज पेरू काढला, मग चाकू काढला, कडी फिरवली. शेजारचे तिघं एकदम उठून दाराकडे गेले. "अहो, साडेआठच सेंटिमीटर आहे!" काका ओरडले. त्यावर समोरचेही उठले. त्या दिवशी काका ठाण्यापर्यंत आडवे बसून आले.

तेव्हापासून त्यांच्या पाकिटात शस्त्रांच्या नियमांची झेरॉक्स असते. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, या शब्दांखाली लाल रेघ. तरीही पेपरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश आल्याची चौकट दिसली, की काका चाकू कपाटात ठेवतात. त्या दिवसांत ते जरा डावीकडे झुकून चालतात. उजवा खिसा हलका पडल्यामुळे तोल जातो म्हणे.

गेल्या गणपतीची गोष्ट. मूर्ती टेम्पोतून आली. वाटेत पावसानं झोडपलेलं, त्यामुळे नायलॉनच्या दोरीच्या गाठी दगड झालेल्या. गुरुजी घड्याळ बघत उभे. सेक्रेटरी ओरडले, "चाकू! अरे, कुणाकडे चाकू आहे का?"

चाळीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे वाक्य. गर्दी दुभंगली. काका पुढे झाले. अंगावर सिल्कचा झब्बा, हातात ओपिनेल. सणाला लाकडी मूठ शोभते म्हणून सकाळी अर्धा तास विचार करून तोच निवडला होता. काकांनी नखाच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. नख तुटलं.

जूनपासून लाकूड पाणी पीत होतं. फुगून त्यानं पातं गच्च धरलेलं. ज्या डोंगरात हा चाकू जन्मला तिथे ऑगस्टात डोंबिवली नसते.

"काळजी करू नका, याला उपाय आहे," काका म्हणाले. "सव्हॉयचे शेतकरी काय करतात, मुठीचं बूड टेबलावर आपटतात. आतून पातं सुटून वर येतं." टेबल नव्हतं. त्यांनी मूठ टेम्पोच्या फाळक्यावर आपटली. ठक्. ठक्. ढोलवाल्या पोरांना वाटलं सुरू झालं. त्यांनी ठेका धरला.

"काका, तो लाल आणा ना! गाठीचा स्क्रूवाला!" कुणीतरी सुचवलं.

"तो सोमवारचा आहे," काका आपटता आपटता म्हणाले. "आज बुधवार."

"मग विसर्जनापर्यंत उघडेल का हा?" मागून एक पोरगा.

टेम्पोवाल्यानं बिडीसाठी काढलेली काडेपेटी तशीच दोरीकडे नेली. एक काडी लावली, नायलॉन वितळलं, दोरी सुटली. बाप्पा आत गेले. आरती सुरू झाली. टाळ्या, झांजा, आणि मांडवाच्या कोपऱ्यातून एक 'ठक्' वेगळ्याच तालात. काकूंनी नारळ फुटल्यावर खोबरं विळीवर चिरायला घेतलं.

मंत्रपुष्पांजली संपता संपता पातं उघडलं. काकांनी ते कुणाला दाखवलं नाही. कडी फिरवून पक्कं केलं, पावसात टेम्पोपाशी गेले आणि लोंबणारी दोरी हातात घेतली. तिचं टोक वितळून काळं, गोळा झालेलं होतं. काकांनी ते अंगठ्यानं चाचपलं, नापसंतीनं मान हलवली, आणि एका ओढीत इंचभर तुकडा कापून टाकला.

"आता बघा कड," ते टेम्पोवाल्याला म्हणाले.