घरी नाही म्हणजे बेवारस नाही

कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रकच्या केबिनमध्ये डोकावा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात एक फुगलेली फाइल सापडेल. आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी. गाडीचा एकही कागद इकडचा तिकडे नाही. आता त्याच ड्रायव्हरला त्याच्या गावच्या घराचा उतारा विचारा. ‘तो घरी असेल,’ एवढंच उत्तर मिळतं.

घरी हा माणूस क्वचित असतो. तेवढ्यावर सरकारी मतदार यादीतून त्याचं नाव निघतं आणि भाऊबंद दाराचं कुलूप बदलतात. दोघांचा सवाल एकच: तो इथे राहतो कुठे?

कायद्यात याचं उत्तर आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की, तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचं रहिवासीपण जात नाही. खेपेवर गेलेला माणूस परत येण्यासाठीच गेलेला असतो. पण पडताळणीला येणाऱ्याला दार बंद दिसतं, शेजारी ‘ते कायम बाहेरच असतात’ म्हणतात आणि शेरा पडतो. मतदान केंद्रावर गैरहजर, स्थलांतरित आणि मृत अशी एकत्र यादी असते. मुंद्र्याहून नागपूरला माल आणणाऱ्या जिवंत माणसाला त्या रांगेत का बसवायचं? जवानाला टपाली मतपत्रिका मिळते, मिळायलाच हवी. खासगी ट्रकचालकाला ती सोय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघ हाताळू शकणाऱ्या दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. तो प्रस्तावच राहिला.

मत पुढच्या निवडणुकीत तरी देता येईल. गेलेलं घर परत येत नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खासगी जागेवर कोणी उघडपणे, सलग आणि मालकाचा हक्क झुगारून १२ वर्षं बसला, तर मालकाच्या दाव्याची मुदत संपते. कलम २७ प्रमाणे त्याचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीला मात्र ही मुदत ३० वर्षं आहे. सरकारच्या दिमतीला तलाठी, तहसीलदार आणि वकील. त्याला ३० वर्षं. ड्रायव्हरच्या सोबतीला क्लीनर, तोही असला तर. त्याला १२. हा उलटा न्याय आहे.

२००८ मध्ये हेमाजी वाघाजी जाट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याला अतार्किक ठरवून केंद्राला फेरविचार सुचवला होता. २०२३ मध्ये विधी आयोगाने २८० व्या अहवालात बदलाची गरज नसल्याचं सांगितलं. आयोगाचं हे मत मला मुळीच मान्य नाही. पोटासाठी बाहेर राहणाऱ्याची गैरहजेरी ही घुसखोराची कमाई होता कामा नये.

कायदा बदलेपर्यंत ड्रायव्हर मंडळींनी तीन गोष्टी कराव्यात. एक, चुलतभावाला घर राहायला दिलं असेल तर ‘परवानगीने राहत आहे’ असा कागद करून त्याची सही आणि साक्षीदार घ्या. परवानगीने राहणारा नुसती वर्षं भरली म्हणून मालक होत नाही. पण परवानगी तोंडी असली की कोर्टात तिचा पुरावा शोधत बसावं लागतं. दोन, घरपट्टी स्वतःच्या नावाने भरा. पावतीने मालकी सिद्ध होत नाही, पण तुम्ही घरावर पाणी सोडलेलं नाही हे दिसतं. तीन, कुलूप तोडून कोणी घुसलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावा. तिथे मालकीचा वाद निघत नाही. ताबा तुमचा होता आणि तो बेकायदा काढून घेतला, एवढंच दाखवायचं असतं. ‘ही खेप झाली की बघू’ असं म्हणत राहिलात, तर हे सहा महिने रस्त्यातच संपतील.

संसदेकडे मागणी एकच आहे. मालकाच्या हातात लेखी नोटीस पडल्याशिवाय १२ वर्षांची मोजणी सुरूच होऊ नये. नोटीस द्यायला माणूस सापडत नाही, ही सबब चालणार नाही. माल दोन तास उशिरा पोहोचला की याच ड्रायव्हरला शोधून काढायला सगळ्यांना फक्त एक फोन पुरतो.