नंबर आला, कागद कुठाय?

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत रुग्णाचं कुटुंब ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. हातात एक्सरेचं मोठं पाकीट, काखेत कागदांनी फुगलेली पिशवी. मुंबईहून सोलापूरमार्गे येणारी हुसेनसागर एक्सप्रेस इथंच संपते आणि अशा कुटुंबांची रिक्षा रेड हिल्सकडे वळते. तिथं लेकरांचं आणि बाळंतिणींचं निलोफर, जवळच कर्करोगाचं एमएनजे. आपली दासी 1949 मध्ये बाळंतपणात दगावली म्हणून निजामाची सून निलोफर हळहळली, आणि तिच्या ध्यासातून 1953 मध्ये हे रुग्णालय उभं राहिलं. तीन वर्षांनी राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा हैदराबादपासून तुटला. नांदेड-लातूरचा आजारी माणूस मात्र आजही ‘हैदराबादला दाखवून येतो’. राज्याची हद्द त्याला अडवत नाही. त्याच्या कागदांना अडवते.

सध्या सगळीकडे आभा कार्डाची, म्हणजे डिजिटल आरोग्य-ओळखीची, घाई आहे. चौदा आकडी नंबर. हा नंबर देणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं. आता अनेक सरकारी रुग्णालयांत ओपीडीजवळ लावलेला कोड मोबाईलनं स्कॅन केला की नाव-गाव आपोआप नोंदलं जातं आणि टोकन मिळतं. रांग आटली, हे चांगलंच झालं. तापानं फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला त्याचं मोल विचारा. पण टोकन घेऊन आत गेलं की काय? तपासणी कागदावर, निदान कागदावर, औषधं कागदावर. सगळं पुन्हा पिशवीत.

योजनेची रचना मुळात शहाणपणाची आहे. तुमचे रिपोर्ट दिल्लीतल्या कुठल्या कोठारात जाऊन पडत नाहीत. ज्यानं तयार केले त्या रुग्णालयाकडेच राहतात. नांदेडच्या डॉक्टरनं मागितले की तुमच्या मोबाईलवर विचारणा येते. काय दाखवायचं, किती दिवस दाखवायचं, हे तुम्ही ठरवता. दिलेली परवानगी मागेही घेता येते. पण हैदराबादच्या रुग्णालयानं रिपोर्ट तुमच्या नंबराशी जोडलेच नसतील, तर नांदेडात रिकामा पडदा उघडतो आणि रक्ताच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात. पैसे रुग्णाचे. सुई लेकराच्या दंडात.

डॉक्टरांना दोष देऊन सुटका नाही. दारात शंभर माणसं ताटकळत असताना त्यांनी टंकलेखन कधी करायचं? ते काम करणारा माणूस द्यावा लागतो, आणि सॉफ्टवेअर डॉक्टरांच्या हाताला बसेल असं बनवावं लागतं. हैदराबादच्याच एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनं ‘आयस्मार्ट’ ही स्वतःची प्रणाली घरातच घडवली आणि खेड्यातल्या केंद्रांपर्यंत नेली. म्हणजे जमतं. सरकारनंही जानेवारी 2023 मध्ये त्यासाठी पैसा ठेवला: ठरावीक संख्येच्या पुढं जोडल्या जाणाऱ्या नोंदीमागे रुग्णालयाला 20 रुपये. माझी मागणी साधी आहे. नोंद जोडली म्हणून नको, ती दुसऱ्या दवाखान्यात उघडली गेली की पैसे द्या. दुसऱ्या राज्यात उघडली तर दुप्पट द्या. मग बघा रिपोर्ट कसे पळतात ते.

रुग्णाच्या बाजूची अडचण वेगळी. घरात मोबाईल एक, तो नवऱ्याकडे, नवरा पुण्यात कामावर. वॉर्डात बसलेल्या बाईचा ओटीपी तिकडे वाजतो. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. अशा बाईला ‘डिजिटल साक्षर’ करण्याची भाषणं नकोत. खिडकीपाशी तिच्या भाषेत बोलणारा, नंबर बदलून देणारा माणूस हवा. नामपल्लीत तो तेलुगू-उर्दूबरोबर मराठी बोलणारा हवा, हे सांगायला लागू नये.

आणि भीती? ती रास्त आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यानं बंद पडले आणि देशातलं एक अग्रगण्य रुग्णालय कित्येक दिवस हातानं लिहीत बसलं. म्हणून कुलूप भक्कम करा. पण पिशवीही काही सुरक्षित नाही. ती गाडीत विसरली जाते, पावसात भिजते, आणि तिची दुसरी प्रत कुठंच नसते.

हे सगळं सुधारेपर्यंत एक हत्यार हातात आहे, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात: दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे, आणि रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं मागितले की 72 तासांत द्यायचे. केंद्राच्या 2016 च्या आरोग्य-नोंदींच्या मानकांनुसार तर रुग्णालय या नोंदी रुग्णाच्या वतीनं केवळ सांभाळत असतं. तेव्हा परतीची गाडी पकडण्याआधी डिस्चार्जच्या टेबलावर लेखी अर्ज द्या: सगळे रिपोर्ट हवेत, आणि आभाला जोडून हवेत. अर्जावर तारीख घाला, सही-शिक्क्याची पोच घ्या.