आत्या, लाइफ जॅकेट आणि लक्षद्वीप

लक्षद्वीपच्या जाहिरातीत कुटुंब म्हणजे दोन माणसं असतात. पांढरे कपडे, हातात हात, मागे निळंशार पाणी आणि कुणाच्याही खांद्याला पिशवी नाही. आमच्या कुटुंबात माणसं सात आणि पिशव्या अकरा. त्यातली एक नुसती औषधांची. दुसरी आत्याची, तिला कुणी हात लावायचा नाही.

2024 च्या जानेवारीत पंतप्रधान तिथल्या पाण्यात स्नॉर्केलिंग करून आले, फोटो घरोघरी पोचले आणि आमच्या मेव्हण्याला एकदम देशाची बेटं आठवली. "मालदीवला कशाला जायचं, भावोजी? आपलं आहे ना!" हे तो अशा थाटात म्हणाला, की आम्ही दरवर्षी मालदीवलाच जात होतो. आम्ही दरवर्षी गणपतीपुळ्याला जातो. मेव्हणा एका बिल्डरकडे हिशेब बघतो. मोकळी जागा दिसली की त्याला करमत नाही. लक्षद्वीपचं कौटुंबिक पर्यटन कसं वाढवावं, यावर त्यानं घरूनच एक कोरी वही बरोबर घेतली होती.

आता माझं. आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं. आपल्या रक्तात समुद्र आहे, असं वडील चारचौघांत सांगत. माझ्या बाबतीत तो रक्तात न राहता पोटात उतरतो. भाऊच्या धक्क्यावर लाँच अजून बांधलेलीच असते आणि मी पिवळा पडायला लागलेलो असतो. पोहता येत नाही. आकारमान असं, की बुडणार नाही असं सगळे म्हणतात. प्रयोग मात्र कुणी करून बघितलेला नाही.

लक्षद्वीपला मनात आलं म्हणून जाता येत नाही. 1967 पासूनचे नियम आहेत. भारतीय असलात तरी बाहेरच्या माणसाला परमिट लागतं. मला हा नियम फार आवडला. आमच्या सोसायटीत लावावा म्हणून मी पत्रही लिहिणार आहे. तर ही परमिटं आली, आणि आत्यानं ती सगळी गोळा करून आपल्या पिशवीत टाकली. घरातली रेशनकार्डं, जन्माचे दाखले आणि एकेकाच्या पत्रिका तिनं आयुष्यभर सांभाळल्या आहेत, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. पिशवीत आणखी होतं: चिवड्याचे दोन हवाबंद डबे, चकल्यांचा एक, अंगाऱ्याची पुडी आणि माझ्यासाठी मोरावळा.

विमानानं जाता आलं असतं. अगत्तीला 1988 पासून धावपट्टी आहे. ती साधारण बाराशे मीटरची, आणि दोन्ही टोकांना समुद्र. तिचा फोटो मेव्हण्यानं मोबाइलवर दाखवला. आत्यानं चष्मा लावून पाहिला, काढला आणि म्हणाली, "जहाज."

कोचीच्या विलिंग्डन बेटावरून संध्याकाळी जहाज सुटलं. त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. मोरावळ्याबद्दल तर नाहीच. बंगाराम सोडलं तर सगळ्या बेटांवर दारूबंदी आहे, हे मेव्हण्याला किनारा दिसेनासा झाल्यावर कळलं. वहीतला विकासाचा पहिला मुद्दा तिथे लिहिला गेला.

सकाळी कल्पेनी दिसलं. माडांची एक हिरवी रेघ, तिच्याखाली पांढरी रेघ आणि मग तो निळा रंग, ज्याच्यासाठी एवढा खर्च. सगळ्यांनी "अहाहा" म्हणून घेतलं. जहाज मात्र पुढे जाईना. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते आणि आत उथळ पाणी. मोठं जहाज बाहेर थांबतं. त्याच्या पोटातलं एक दार उघडतात, खाली होडी येऊन लागते, आणि माणसानं दारातून होडीत उतरायचं. उतरायचं हा शब्द तिथल्या व्यवस्थेचा. होडी एका लाटेसरशी दाराच्या पातळीला येते, दुसऱ्या लाटेला पुरुषभर खाली जाते, मध्येच बाजूला सरकते, आणि या सगळ्यात एक क्षण असा असतो की पाऊल टाकलं तर ते होडीवर पडतं. तो क्षण खलाशांना ओळखता येतो. आपण फक्त त्यांचं ऐकायचं.

पोरं पटापट गेली. बायको गेली, जाताना "अहो, खाली बघू नका" असं म्हणाली, म्हणून मी बघितलं. मेव्हणा आणि त्याची बायको गेली. मेव्हणा होडीतून ओरडून सांगायला लागला, की इथे एक फ्लोटिंग जेटी पाहिजे आणि तिच्यावर सेल्फी पॉइंट.

आत्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी इथेच बसते. तुम्ही या बघून."

मागे रांग होती. एका नवविवाहित जोडप्यानं समजुतीनं हसून दाखवलं; त्यांच्या मागच्यांनी तेवढं केलं नाही. खलाशी "अम्मा, अम्मा" करत होते. आत्या म्हणाली, "बाळ्या, यांना सांग, माझे गुडघे सरकारी खर्चानं बदललेले नाहीत." माझं वय चोपन्न आहे, पण आत्यासमोर मी बाळ्याच. शेवटी तडजोड अशी निघाली की आधी पिशवी जाऊ दे. खलाशानं पिशवी दिली, खालच्यानं हात पुढे केले, होडी खाली गेली आणि पिशवी मधल्या फटीतून समुद्रात. ती नेमकी कुणी सोडली यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

सात जणांची परमिटं अरबी समुद्रात निघाली.

पिशवी बुडली नाही. हवाबंद डब्यांनी तिला तरंगत ठेवलं, आणि ती हळूहळू जहाजाच्या शेपटाकडे जायला लागली. होडीत विशीतला एक पोरगा होता. त्यानं मोबाइल काढून शेजाऱ्याकडे दिला आणि शर्टासकट उडी मारली. ते बघून आत्या किंचाळली, "अरे बुडेल ना तो! कुणी धरा त्याला!" आणि तिनं स्वतःच पाऊल टाकलं. लाट नाही बघितली, खलाशाचं ऐकलं नाही, गुडघ्यांची चौकशी केली नाही. होडी तेव्हा नेमकी वर होती, एवढंच तिचं पुण्य. दोघांनी तिला झेललं. ती त्यांच्याकडे न बघता काठाशी जाऊन पोराला हात द्यायला बसली.

आता दारात मी एकटा. माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा पोटापाशी पोचत नव्हता, आणि पट्टा लागल्याशिवाय सोडायचं नाही असा नियम. एका खलाशानं ओढलं, दुसऱ्यानं ओढलं, मी श्वास आत घेतला. बकलाची दोन टोकं एकमेकांना लांबूनच बघून परत गेली. मग एक जण आतून काथ्याची दोरी घेऊन आला आणि मला मुंजीतल्या हाऱ्यासारखा बांधला. इथला काथ्या साधासुधा नव्हे. याच्या मक्तेदारीपायी अमिनी बेटांचे लोक कण्णूरच्या अरक्कल घराण्यावर उलटले आणि 1783 मध्ये थेट टिपू सुलतानाकडे दाद मागायला गेले. त्या दोरीचे दोन वळसे माझ्या पोटावर बसले आणि ते बंड मला मनापासून पटलं. पुढचं मला आठवत नाही. माझी मुलगी म्हणते व्हिडिओ आहे.

किनाऱ्यावर आम्ही परमिटं वाळत घातली. वाळूवर ओळीनं सात कागद, प्रत्येकावर चकल्यांच्या डब्याचं नाहीतर चपलेचं वजन. प्रवाळाचा एखादा तुकडा ठेवावा म्हणून मी हात घातला तर भिजलेला पोरगा "नो, नो" म्हणाला. प्रवाळ उचलायला बंदी आहे, मेलेलासुद्धा. शाई उतरली होती. माझ्या कागदावरचं नाव जाऊन नुसतं "पुरुष" उरलं होतं, आणि मेव्हण्याच्या फोटोत आता कुणीही बसू शकलं असतं. आम्ही चेहरे पाडून पोलिसासमोर उभे राहिलो. त्यानं जहाजावरून आलेली यादी काढली, आमची डोकी मोजली आणि कागद बघायलाही न घेता "वेलकम" म्हणाला.

प्रेक्षणीय स्थळं बघितली. खारकच्छ इतका उथळ, की मीही त्यात कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहून पोहल्याचा फोटो काढला. पूर्वेच्या काठावर मेलेल्या प्रवाळाचा दगडगोट्यांचा बांध आहे. 1847 च्या वादळानं तो वर फेकला असं सांगतात. नंतर मिनिकॉयला 1885 चा दीपस्तंभ बघितला. तिथली भाषा महल, म्हणजे मालदीवच्या धिवेहीची बहीण. मेव्हण्याचं मालदीव अशा रीतीनं झालं.

पण मला सांगायचं आहे ते पाण्याचं. गोड्या पाण्याचं. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगत राहतं. विहिरीतून जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून 2005 मध्ये कवरत्तीला खोल समुद्रातलं थंड पाणी वर ओढून त्याच्या जोरावर समुद्राचंच पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. दिवसाला एक लाख लिटरचा. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून बत्तीस चौरस किलोमीटर. 36 बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे माणसं 64,473. आणि मिनिकॉय, कदमत, सुहेलीला समुद्रात खांबांवर वॉटर व्हिला बांधायच्या योजना निघतात! त्या व्हिलातला माणूस सकाळी शॉवरखाली किती वेळ उभा राहणार, हे योजना करणाऱ्यांनी आमच्या मेव्हण्याला एक दिवस घरी ठेवून मोजावं.

मेव्हणा मात्र रंगात होता. कल्पेनीतच दुपारी जेवताना त्यानं त्या भिजलेल्या पोराला वही दाखवली होती. फ्लोटिंग जेटी, काचेचा पूल, मिसळीचं दुकान, "आय लव्ह कल्पेनी" अशी दिव्यांची अक्षरं. "कसं वाटतं?" पोरगा कोचीला कॉलेजात शिकत होता, सुटीत होडीवर काम करायचा; त्याला हिंदी बरी येत होती. त्यानं वही नीट वाचली. मग म्हणाला, "सर, टूरिस्ट अच्छा है। लेकिन जहाज का टिकट हमको भी नहीं मिलता।" त्याच्या मावशीला तपासणीसाठी कोचीला जायचं होतं, ती किती दिवस वाट बघत होती. फार आजारी माणूस असला तर हेलिकॉप्टर येतं. मावशी तेवढी आजारी नव्हती.

मेव्हणा गप्प झाला. आत्यानं चौकशी करून त्या मावशीचं घर शोधून काढलं आणि मला घेऊन गेली. घरात दोन बायका जमिनीवर बसून नारळ खवत होत्या. बसायच्या पाटालाच पुढे लोखंडी दातेरी जीभ. आत्यानं बघितलं, पदर खोचला आणि एका बाईला हातानंच बाजूला सारून तिथे बसली. एक शब्द एकमेकींना कळत नव्हता. कवड मनगटात फिरत होती, खोबरं पांढरं पडत होतं. करवंटीजवळ आल्यावर आत्यानं हात थांबवला, काळं न येऊ देता. मावशी तिच्या मनगटाकडे बघत होती आणि मान हलवत होती. मग आत्यानं पिशवीतून चिवड्याचा डबा काढून तिथेच ठेवला. तो आतून कोरडा होता, हे तिनं मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं. मावशीनं शहाळं फोडून दिलं. मी एकच मागितलं, तिनं तीन पाजली.

परत जहाजावर चढताना आत्या सगळ्यांत पुढे होती. दारात उभी राहून ती खलाशांना माझ्या पोटाकडे बोट दाखवत "दोरी, दोरी" असं बजावत होती.

रात्री केबिनमध्ये अभिप्रायाची वही फिरत आली. आत्या सांगायला लागली आणि मी लिहिलं: जहाजाला एक नीट जिना करावा. इथल्या आजारी माणसांना तिकिटं आधी द्यावीत, उरली तर आम्हांला. पाण्यात उडी मारणाऱ्या मुलाला कोरडा शर्ट द्यावा.

"सही कर," ती म्हणाली. मी केली. मेव्हण्यानं वही ओढून घेतली, आपली काचेच्या पुलाची वही उघडून शेजारी धरली, बराच वेळ दोन्ही वह्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि खाली एक ओळ जोडली:

"चहाला साखर कमी."